कुणाचीच नसलेली भिंत

मगदूम सरांना घोडा काढता येत नव्हता. येत नव्हता म्हणजे अजिबात नाही. पाचवीच्या वर्गात त्यांनी एकदा फळ्यावर घोडा काढला, तर मागच्या बाकावरून अगदी प्रामाणिक आवाजात प्रश्न आला, "सर, बाजेवर कोण झोपणार हाय?" सर चार पावलं मागं आले, मान वाकडी करून फळ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "कोण न्हाय. मोकळीच हाय. पुसून टाकूया." असा माणूस निपाणीच्या आमच्या शाळेत सबंध नोकरीभर चित्रकला शिकवत होता. हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. ज्यानं शाळेत नोकरी केली आहे त्याला वाटणार नाही, कारण पोहता न येणारा पी.टी.चा मास्तर आणि गाता न येणारी संगीताची बाई त्यानं पाहिलेली असते.

मी गणिताची. माहेर खानापूरकडचं, लग्न होऊन निपाणीत आले आणि इथलीच झाले. माझ्या जिभेला संकेश्वरी मिरची लावलेली आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात. म्हणू देत. सरांची आणि माझी ओळख झाली ती फळ्यावरच्या लाकडी कंपासमुळं. "बाई, तुमचा कंपास द्या की जरा," असं म्हणून ते न्यायचे आणि परत यायचा तेव्हा त्याच्या एका पायाला गुलाबी, दुसऱ्याला निळा खडू फासलेला असायचा. माझं वर्तुळ मग दिवसभर गुलाबी यायचं. मी चिडायची. ते म्हणायचे, "गुलाबी असलं म्हणून त्रिज्या बदलती व्हय?"

सर बोरगावचे. जैन शेतकऱ्याचं घर, वडिलांच्या वेळेला तंबाखू, पुढं ऊस. उंच, किडकिडीत, चालताना जरा पुढं झुकलेले. सूर्य बुडायच्या आत जेवायचं हा घरचा नियम त्यांनी असा पाळला, की आमच्या हेडमास्तरांची एकही मीटिंग कधी दिवे लागेपर्यंत रेंगाळली नाही. उन्हं तिरपी झाली की सर घड्याळाकडं न बघता खिडकीकडं बघायचे आणि उठायचे. "तुमचं चालू दे. मी भाकरी खाऊन येतो," म्हणायचे, आणि परत यायचे नाहीत. त्यांच्या मागोमाग बाकीचेही उठायचे. एवढ्या एका गोष्टीसाठी सगळा स्टाफ त्यांचा ऋणी होता.

त्यांच्या बायको शांताक्का चिकोडीकडच्या, घरात कन्नड बोलत वाढलेल्या. नवराबायकोचं भांडण ऐकायला मजा यायची. सर रागावले की कन्नडात बोलायचे आणि शांताक्का रागावल्या की मराठीत. मी एकदा विचारलं, हे उलटं कसं? शांताक्का म्हणाल्या, "आपल्या भाषेत बोललं तर आपल्यालाच लागतंय. ज्याला लागायला पायजे त्याच्या भाषेत बोलावं." गोड बोलायचं असलं की मात्र दोघं आपापल्या भाषेत बोलायची.

घोड्याचं एकवेळ जाऊ दे, माणसाचं काय? शाळेच्या वर्धापनदिनाला आमच्या चेअरमनना वाटलं, संस्था काढणाऱ्या आपल्या आजोबांचं मोठं चित्र व्यासपीठामागं असावं. फोटो मोठा करून आणायला कुणाला सुचलं नाही, कारण शाळेत हक्काचा चित्रकलेचा शिक्षक होता. सरांनी परोपरीनं टाळलं. "माणूस काढला की भांडण आलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण चेअरमनचा शब्द. सरांनी आठवडाभर दार लावून चित्र काढलं. कार्यक्रमाआधी चेअरमन बघायला आले, बराच वेळ बघत राहिले.

"सर, आमचं आजोबा टोपी घालत होते."

"घातलीया की, साहेब."

"ही टोपी? मग हे काय?"

"ते कपाळ."

"आणि मिश्या?"

सरांनी बोट ठेवून दाखवल्या. ज्याला चेअरमन कपाळाची आठी समजत होते त्या मिश्या होत्या. शेवटी त्या चित्राला एवढा मोठा हार घातला, की आजोबांचे फक्त कान दिसले. भाषणं करणारा प्रत्येकजण त्या कानांना नमस्कार करत होता, आणि मी पदरात तोंड खुपसून बसले होते.

हसत होते खरी, पण मला त्या माणसाचं वाईटही वाटायचं. कारण त्याला दुसरं काहीतरी येत होतं. मोकळ्या तासाला ते एकटेच वर्गात बसून कागदावर त्रिकोण, अर्धगोल, वाकडीतिकडी नागमोडी रेघ, ठिपक्यांची पट्टी असलं काहीबाही मांडायचे. गुलाबीशेजारी मोरपंखी, मोरपंखीशेजारी पिवळा, मधेच काळ्यापांढऱ्या पट्ट्या. बघायला लागलं की डोळ्यांना गुदगुल्या व्हायच्या. पण हे काय आहे, असं विचारलं की त्यांना सांगता यायचं नाही. "काय न्हाय. बसलोतो म्हणून काढलं," म्हणायचे आणि कागद पेटीत सारायचे. इन्स्पेक्टर आले की पेटीला कुलूप.

मग एका दिवाळीत त्यांचा भाचा बेंगळुरूहून आला. हा कुठल्याशा कंपनीत मोबाईलच्या ॲपसाठी चित्रं काढतो. मामापुढं त्यानं लॅपटॉप उघडला आणि सर खुर्चीतून उठलेच. गुलाबी पडद्यावर निळा त्रिकोण, नागमोडी पिवळी रेघ, काळे ठिपके. सगळं तेच! भाच्यानं सांगितलं, ह्याला मेम्फिस म्हणतात. माझ्या जन्माच्या आधी परदेशात ही स्टाईल निघाली, मग मागं पडली, आता परत आली. बुटांवर आहे, पिझ्झाच्या खोक्यावर आहे, गाण्यांच्या व्हिडिओत आहे, तरुण पोरांना ह्याच्याशिवाय चालत नाही.

"आणि माणसं?" सरांनी विचारलं.

भाच्यानं माणसंही दाखवली. जांभळ्या रंगाची, टाचणीएवढं डोकं, शेवयांसारखे लांब हात, नाकडोळ्यांचा पत्ता नाही.

"असली माणसं काढली तर नोकरी देत्यात?"

"मामा, असलीच काढायला देत्यात."

सुट्टी संपल्यावर सर स्टाफरूममध्ये आले ते छाती पुढं काढून. माझ्यापुढं बसले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, मी चुकत नव्हतो वो. मी जरा लवकर आलतो."

त्या दिवसापासून माणूस बदलला. त्यांनी बाजारातून पडद्याचं कापड आणलं, मोरपंखी जमिनीवर गुलाबी नागमोडी रेघा असलेलं, आणि त्याचा शर्ट शिवून घेतला. शिंप्यानं म्हणे तीनदा विचारलं, खिडकीचं माप कुठं आहे. तो शर्ट घालून सर शाळेत आले तेव्हा प्रार्थना मधेच थांबली. हेडमास्तरांनी घसा खाकरून विचारलं, "मगदूम सर, आज काही विशेष?" सर म्हणाले, "न्हाय. स्टाईल हाय." घरी शांताक्कांनी आधी कन्नडात "एन्री इदु?", हे काय हो, म्हणून विचारलं होतं. पण सर ऐकत नाहीत म्हटल्यावर त्या मराठीवर आल्या, आणि ते सगळं इथं लिहिण्याजोगं नाही.

आता भिंतीकडं यायला पाहिजे.

आमच्या शाळेची कंपाउंडची भिंत रस्त्याला लागून आहे, लांबलचक. शाळेत मराठी तुकड्या आहेत, कन्नड तुकड्याही आहेत. त्यामुळं दोन्ही बाजूंच्या मंडळींना ती भिंत आपली वाटायची, आणि दोघांनाही ती दुसऱ्यानं बळकावलेली वाटायची. एक नोव्हेंबर, म्हणजे कन्नडवाल्यांचा राज्योत्सव आणि मराठीवाल्यांचा काळा दिवस, जवळ आला की एक जण मराठीत घोषणा लिहून जायचा. सकाळी त्यावर डांबर. मग कन्नडात घोषणा, दुसऱ्या सकाळी त्यावरही डांबर. मग आमचा शिपाई चुन्याची बादली घेऊन निघायचा. चुन्यावर चुना चढून चढून भिंत गालफुगी झाल्यासारखी दिसायला लागली. गंमत म्हणजे डांबर फासणारे दोन्हीकडचे पुढारी आमचेच विद्यार्थी. मराठीवाला सचिन आणि कन्नडवाला बसू. नववीपर्यंत मराठी तुकडीत एका बाकावर बसले होते आणि माझ्या पेपरात एकाच चुका करायचे. कोण कुणाची बघून लिहितोय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

चेअरमन ह्या प्रकरणाला वैतागले. त्यांनी मीटिंग बोलावली. भिंतीवर काय करावं, ज्याला कुणी काळं फासणार नाही? कुणी म्हणालं देवांची चित्रं. कुणाचे देव, असा प्रश्न निघाला. कुणी म्हणालं थोर पुरुष. हे ज्यानं सुचवलं त्यानंच लगेच मागं घेतलं, कारण थोर पुरुषांइतका धोका देवांतही नाही. तेवढ्यात मगदूम सर उभे राहिले. सगळ्या नोकरीत मीटिंगमध्ये बोलायला उभे राहिलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं, आणि उन्हं तिरपी झाली नव्हती.

"मी काढतो," ते म्हणाले. "एक अक्षर असणार न्हाय. एक माणूस असणार न्हाय. त्रिकोण, गोल, रेघ आणि रंग. त्रिकोणाला आईबाप नसत्यात, साहेब. त्याच्यावरनं कोण भांडणार?"

कर्म माझं! सीमाभागात जन्म काढलेल्या माणसानं हे बोलावं? चेअरमन शहाणे. ते म्हणाले, रंगवायच्या आधी दोन्हीकडच्यांना दाखवून घ्या. मग सचिन आला, बसू आला. सरांनी टेबलावर कागद पसरला. दोघांनी तो डॉक्टर एक्सरे बघतो तसा उजेडाकडं धरून बघितला.

बसू म्हणाला, "सर, हा आडवा त्रिकोण केशरी हाय. झेंडा हाय हा."

सरांनी त्रिकोण उभा केला आणि हिरवा केला. मग हेडमास्तरांनीच हळू आवाजात सांगितलं की हिरवा नको. का नको हे त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. त्रिकोण जांभळा झाला.

सचिन म्हणाला, "हितं तांबडा आणि पिवळा शेजारी शेजारी हाईत. हा त्यांचा झेंडा झाला की."

सरांनी तांबडा आणि पिवळ्याच्या मधे काळ्यापांढऱ्या पट्ट्या घातल्या. आता मिटलं असं वाटलं, तर सचिन परत कागदावर वाकला. "सर, गोल लई झाल्यात."

"गोलाला काय झालं?"

"कन्नड अक्षरं गोल असत्यात. सगळी भिंत गोलच गोल म्हणजे कन्नडच की."

बसू गप्प बसतोय होय? तो म्हणाला, "मग ह्या सरळ रेघा कशापायी? वर आडवी रेघ, खाली काहीबाही लोंबकळतंय. मराठी लिवल्यागत दिसतंय." मी कपाळाला हात लावला. ज्यांना मी वर्तुळ आणि रेषाखंड शिकवले, ते दोघं आता वर्तुळाला आणि रेषाखंडाला मातृभाषा लावून देत होते. सर मात्र चिडले नाहीत. ते मन लावून ऐकत होते. त्यांच्या चित्राकडं एवढ्या बारकाईनं आजवर कुणीच बघितलं नव्हतं. शेवटी त्यांनी गोल कमी केले, रेघा कमी केल्या आणि उरलेल्या जागेत नागमोडी ओढली. "ही बघा," म्हणाले, "निम्मी गोल, निम्मी सरळ. वाटून घ्या." दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मान हलवली. तेवढ्यात सर खिडकीकडं बघून उठले, आणि आमची भिंत मंजूर झाली.

पायऱ्या उतरताना मी त्यांना टोकलं. "कशाला एवढी कटकट अंगावर घेतलात? चुना बरा होता."

ते थांबले. म्हणाले, "बाई, तुमचं गणित पोरं वहीत उतरून घरी नेत्यात. माझं चित्र फळ्यावर येतंय, तास संपला की पुसतंय. एवढी वर्षं पुसण्यातच गेली. एक तरी राहू दे की वो. लोकांनी बघावं. चांगलं म्हणूंदेत, वंगाळ म्हणूंदेत, शिव्या घालूंदेत. पण माणसानं थांबून बघावं, एवढंच हाय माझं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी भिंत रंगवली. त्याला उगाच वेळ लागला, कारण भिंतीवर मुंग्यांची रांग असली की सर ब्रश खाली ठेवायचे. आधी फुंकर, मग बोटानं रस्ता करून द्यायचा, मग मुंग्या गेल्याची खात्री, मग रंग. समोर पारूआक्काचा भज्यांचा गाडा. ती ओरडायची, "सर, मुंग्यास्नी वरातीला नेतायसा व्हय?" तिची कढई आणि त्यांचा रंगाचा डबा समोरासमोर, दिवसभर दोघांची जुगलबंदी. भिंत पुरी झाली तेव्हा ती म्हणाली, "डोळं दुखत्यात वो बघून." सरांना ते कौतुक वाटलं. मला सांगायला घरी आले होते.

जूनमध्ये शाळा भरली. खरं सांगते, भिंत सुंदर झाली होती. गुलाबी आभाळात मोठा पिवळा गोल, त्याच्याखाली जांभळे त्रिकोण डोंगरासारखे एकामागं एक, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेलेली मोरपंखी नागमोडी. रस्त्याचा तो तुकडा एकदम कुठल्यातरी दुसऱ्या गावातला वाटायचा. सर रोज सकाळी गेटपाशी उभे राहायचे. नाव पोरांचे गणवेश तपासायचं, डोळे रस्त्याकडं.

आणि कुणीही काहीही बोललं नाही.

"रंग दिलासा व्हय भिंतीला? बरं केलासा," एवढंच. एक जण थांबला, सर आशेनं पुढं झाले, तर त्यानं विचारलं, कुठल्या मोबाईल कंपनीची जाहिरात आहे? लोक यायचे, जायचे, सायकल टेकवायचे. सचिनला हरकत नव्हती, बसूला हरकत नव्हती. मी सातवीच्या पोरांना बाहेर नेऊन त्रिकोणाचे प्रकार दाखवले, तर सर दुखावले. "चित्र हाय ते, बाई," म्हणाले. मलाही वाईट वाटलं, पण समद्विभुज त्रिकोण इतका झकास मला कुठं मिळणार होता?

पुढं एका वर्षी प्रकरण चांगलंच पेटलं. कारण आता आठवत नाही. कारणाची आम्हाला फारशी गरज लागत नाही. एका दिवसात सगळ्या बाजारातल्या पाट्यांना काळं फासलं. मराठी पाट्यांना त्यांनी, कन्नड पाट्यांना ह्यांनी. मिठाईवाल्याची पाटी काळी, दवाखान्याची काळी, एका न्हाव्याच्या पाटीवर नुसती कात्री होती तर घाईत तीही काळी. दुसऱ्या दिवशी आम्ही जीव मुठीत धरून शाळेवर आलो. आमच्या भिंतीला डाग नव्हता. चेअरमनना इतका आनंद झाला, की त्यांनी सगळ्या स्टाफला पारूआक्काची भजी दिली. सगळे सरांची पाठ थोपटत होते आणि सर भज्यांना हात लावत नव्हते.

मी विचारलं, "काय झालं? खा की."

"बाई," ते म्हणाले, "मी सगळा बाजार फिरून आलो. न्हाव्याच्या कात्रीला काळं फासलंय. कात्रीला! रातभर डबा घेऊन पोरं हितनंच गेल्यात. माझ्या भिंतीपाशी एकालाबी वाटलं न्हाय, की ही पुसावी."

"मग हेच पाहिजे होतं ना?"

"व्हय," म्हणाले. "मागितलं तेच मिळालं." आणि पुढ्यातली बशी माझ्याकडं सरकवली.

त्यानंतर ते गेटवर उभे राहिनासे झाले. पडद्याचा शर्ट शांताक्कांनी खरोखरच खिडकीला लावला, आणि खिळे सरांनीच ठोकून दिले. निवृत्तीचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, गुच्छ. चेअरमननी भाषणात फार मनापासून सांगितलं, "मगदूम सरांसारखा शिक्षक होणे नाही. त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नाही, आणि त्यांच्या भिंतीनंसुद्धा कधी कुणाला त्रास दिला नाही." टाळ्या पडल्या. मी सरांकडं बघत होते. शाळेच्या फळ्यावरचं चित्र पुसताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसाच झाला होता. मला त्या चेअरमनचा असा राग आला, की मी चहा न घेता घरी गेले.

आता सर हुबळीला मुलीकडं असतात. शांताक्का फोनवर सांगतात की बरे आहेत, नातीला चित्रं काढून देतात, आणि ती घोड्याला घोडा म्हणते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी.

मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. रस्त्यावर एकदम गलका झाला. मी खिडकीतून बघितलं, आणि खडू तिथंच टाकून खाली पळाले. भिंतीपाशी गर्दी जमली होती. मधे मगदूम सर, हातात काळ्या रंगाचा डबा आणि रुंद ब्रश. मोठ्या पिवळ्या गोलावर एक काळी जाड रेघ आडवी ओढलेली. आणि पारूआक्कानं त्यांचं मनगट असं पकडलं होतं, की ब्रश हवेतच राहिला होता. तिच्या दुसऱ्या हातात तेल गळणारा झारा.

"सोड, पारूआक्का," सर म्हणत होते. "माझी भिंत हाय. मी काढलीया."

"काढलासा न्हवं? मग तुमचं काम झालं. रोज हितं बसून बघतंय कोण? मी बघत्या!"

"कोण बघत न्हाय. कुणालाबी फरक पडत न्हाय. निदान मी तरी फासतो काळं."

"फासा की, बघू कसं फासतासा ते! 'पिवळ्या गोलासमोरची भजी' म्हणून संकेश्वरपतोर लोकं मला वळखत्यात. गोल घालवलासा तर काय तुमच्या नावानं गाडा लावू?"

वडापचा, म्हणजे सीट भरून धावणाऱ्या जीपचा, ड्रायव्हर गाडी रस्त्यात तशीच सोडून आला होता. त्याचं म्हणणं, म्हाताऱ्या बायकांना उतरायचं ठिकाण कसं सांगायचं? "जांभळा त्रिकोण आला की उठा" हेच त्यांना समजतं. कडेवर पोर घेतलेली एक बाई कन्नडात तावातावानं बोलत होती, की ह्या नागमोडीवर बोट फिरवल्याशिवाय तिचं पोर घास गिळत नाही. सर ह्याच्या तोंडाकडं बघत होते, तिच्या तोंडाकडं बघत होते. त्यांचा हात खाली आला.

"मग एवढी वर्षं बोलला का न्हाईसा कुणी?"

पारूआक्का म्हणाली, "आता भिंतीला काय बोलायचं वो? हाय म्हणून हाय. रोज बघतोय की."

एवढ्यात गर्दीतून वाट काढत बसू आला. काळी रेघ बघून त्याचं डोकंच फिरलं. "नम्म गोडे इदु, सर!" तो ओरडला. आमची भिंत आहे ही! दुसऱ्या बाजूनं सचिन धावत आला. "सर असला म्हणून काय झालं? आमच्या भिंतीला हात लावायचं काम न्हाय!" आता भिंत कुणाची ह्यावरून ह्या दोघांची जुंपणार. पण ती बाब त्यांच्या ध्यानातच आली नाही. बसू म्हणाला, सरांना मी पोलीस चौकीत देणार. सचिन म्हणाला, तू कोण देणार, मी देणार. तू का? मी का नाही? चांगली हमरीतुमरी झाली. शेवटी पारूआक्कानं झारा उगारला, तेव्हा दोघांनी मुकाट्यानं सरांचा एकेक दंड धरला आणि वरात चौकीकडं निघाली. मागं वडापवाला, मागं ती लेकुरवाळी, मागं बाजारातली निम्मी माणसं.

मी हाका मारत पाठीमागं निघाले, "अरे सोडा त्यांना! म्हातारा माणूस आहे!" माझा आवाज ऐकून सरांनी मान वळवली. गालावर काळा रंग लागलेला, चष्मा नाकावर घसरलेला, दोन्ही हात अडकलेले, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. मी म्हटलं संपलं, आता ह्यांचं काही खरं नाही. तर माणूस हसत होता! एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"बाई, बघा की!" ते गर्दीवरून ओरडले. "धरलंय मला! सोडंनात!"